पारख्यानं कान मागितले

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. त्याच्या राज्यात एका रुंद नदीच्या काठी घंटा ओतणाऱ्यांचं गाव होतं. गोष्ट त्या गावाची आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

गावात एक ओतशाळा होती. तिथे कुणी मातीचे साचे लिंपायचं, कुणी भाता मारायचं, कुणी तांबं आणि कथील एकत्र वितळवून त्याचं कांसं करायचं आणि ते रसरशीत कांसं साच्यात ओतायचं. निवाल्यावर साचा फोडला की आतून घंटा निघायची. मग यायची शिदोबाची पाळी.

शिदोबा तिथला पारखी होता. लाकडी हातोडीनं घंटेवर एक टोला द्यायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच, पण ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. घंटेच्या अंगात केसाएवढी भेग असली, तर नाद विरत असताना त्याच्या मागून एक अगदी बारीक खरखर येते. ती शिदोबाला ऐकू यायची. त्यानं मान हलवली की घंटा देवळात जायची, नाक मुरडलं की पुन्हा भट्टीत. त्याच्याशी राजासुद्धा वाद घालत नसे. त्यामुळे शिदोबाला आपल्या कानांचा थोडा ताठा होता. थोडा म्हणजे खरं तर बराच होता.

या ओतशाळेत एक जुना रिवाज होता. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला एक लहानशी घंटा टांगलेली असे. कुणाला कामासाठी काही वेगळं हवं असेल, तर त्यानं ती वाजवायची. ती वाजली की सगळ्यांनी हातातलं काम ठेवून गोळा व्हायचं. मग ओतशाळेचे मुख्य भानजीदादा मागणाऱ्याला सर्वांदेखत विचारायचे, "तुझं काय गेलंय?"

म्हणजे हात गेला, पाय गेला की डोळा गेला? जे गेलं असेल ते दाखवायचं आणि मग हवं ते मागायचं. भानजीदादा स्वभावानं वाईट नव्हते. पण वाडवडिलांनी घालून दिलेला प्रश्न बदलावा, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांचं असंच असतं.

भट्टीवर काम करणाऱ्या हैबतीचा एक पाय कांसं सांडून गेला होता. त्यानं ती घंटा वाजवली आणि त्याला बसून काम करायला एक उंच बाक मिळाला. त्यावरही "मजा आहे बुवा हैबतीची!" म्हणणारे महाभाग निघालेच. हैबती ऐकायचा आणि निखारे सारखे करत बसायचा.

मग एकदा ती घंटा साळूनं वाजवली.

साळू साचे लिंपायची. तिच्या हाताला मातीची अशी जाण होती, की तिनं लिंपलेल्या साच्यावरून बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं वाटे. दिसायला चांगली धट्टीकट्टी बाई. भानजीदादांनी विचारलं, "तुझं काय गेलंय?"

"गेलं काही नाही, दादा," साळू म्हणाली. "पण माझी पाठ दुखते. वाकलं की अशी कळ येते की डोळ्यांपुढे अंधारी येते. मोठ्या घंटेचा साचा जमिनीवर उभा असतो. त्याची खालची कड लिंपायची म्हणजे किती तरी वेळ वाकून राहावं लागतं. साच्याभोवती कंबरभर चर खणून द्या. मी चरात उभी राहीन, म्हणजे कड माझ्या हाताशी येईल."

सगळ्यांनी साळूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ जागच्या जागी होती. दुखणं काही पाठीवर गोंदलेलं नसतं.

शिदोबा तिथेच उभा होता. त्याला थट्टेची हुक्की आली. "अगं साळू, हैबतीचा पाय गेला म्हणून त्याला बाक दिला. तुझी पाठ तर तुझ्यापाशीच आहे की! उद्या माझं डोकं दुखलं, तर काय मी राजाची मांडी मागू?"

अंगणभर हशा पिकला. साळूही हसली, कारण एवढ्या लोकांत दुसरं काय करणार? मग ती आपल्या साच्याकडे निघून गेली. शिदोबा तासाभरात ते विसरूनही गेला.

त्यानंतर लिंबाखालची घंटा कुणीच वाजवली नाही. "बघा," भानजीदादा आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडे कुणाला काही कमी नाही!"

वर्ष सरत आलं. एक दिवस सकाळी ओसरीवर तोंड धुता धुता शिदोबा बायकोला म्हणाला, "राही, यंदा कोकिळा आल्याच नाहीत वाटतं आपल्याकडे?"

राहीनं हातातली परात खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "आल्या की! पहाटेपासून मागच्या आंब्यावर नुसता गिल्ला चाललाय. आताही ओरडतेय बघा."

शिदोबानं कान दिला. वाऱ्यानं पानं हललेली दिसली. कोकिळा मात्र ऐकू आली नाही.

त्यानं तोंड पुसलं आणि विषय बदलला. पण ओतशाळेत जाऊन त्यानं एक लहान घंटा उचलली, टोला दिला आणि डोळे मिटले. जाड, भरीव नाद नीट ऐकू आला. त्याच्या वर जो बारीक सूर तरंगत असतो, जिथे खरखर लपते, तिथे मात्र काहीच नव्हतं. 

पारख्याचे कान गेले म्हणजे त्याचं राहिलं काय? लिंबाखाली जाऊन सांगावं, तर सगळ्यांदेखत "कान गेले" म्हणावं लागणार. मग भानजीदादा हळहळतील, एक उपरणं देतील आणि घरी बसवतील. ज्याच्या मान हलवण्याकडे राजा पाहत होता, तो ओसरीवर बसून शेंगा सोलणार. नुसत्या विचारानं शिदोबाला जेवण जाईना.

तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. घंटेवर टोला दिला की तो डोळे मिटेनासा झाला. तो आजूबाजूच्या लोकांचे चेहरे पाहू लागला. कुणाच्या कपाळाला जरा आठी पडली, की नाक मुरडायचं. सगळे चेहरे शांत दिसले, की मान हलवायची. "पारख काय उगाच येते?" असं वर म्हणायलाही तो चुकत नसे. युक्ती चालली. पण दिवसभर लोकांचे चेहरे वाचून तो इतका थकायचा, की घरी आल्यावर राहीशी दोन शब्द बोलायचंही त्याला त्राण उरत नसे.

आणि अशातच घाटावरच्या घंटेचं काम आलं.

हिवाळ्यात त्या नदीवर असं धुकं उतरायचं, की नावेतल्या माणसाला स्वतःचं वल्हं दिसत नसे. तेव्हा घाटावर एक मोठी घंटा वाजवत ठेवायचे. तिच्या आवाजाच्या रोखानं नावाडी नाव हाकायचे आणि खालच्या खडकांपासून वाचायचे. जुनी घंटा झिजून बसकी झाली होती. नवी हवी होती, आणि धुकं पडायला फार दिवस उरले नव्हते.

नवी घंटा ओतली गेली, साचा फुटला. माणसाच्या छातीएवढी उंच, लखलखीत घंटा बाहेर आली. नावाडी मंडळी बायकापोरांसह हार घेऊन अंगणात जमली. मग भानजीदादांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मोठ्या घंटेची पारख पारख्यानं एकट्यानं करायची, ओतशाळेत माणूस काय, कुत्रंही ठेवायचं नाही, असाही एक रिवाज होता. रिवाजांना तिथे काही तोटा नव्हता.

दार लागलं. आत शिदोबा आणि घंटा. पाहायला एकही चेहरा नव्हता.

त्यानं टोला दिला. नाद उठला, भिंतीला भिडला, हळूहळू विरला. किती सुंदर नाद होता! पण त्याच्यामागे खरखर होती की नव्हती? शिदोबानं पुन्हा टोला दिला. घंटेला कान लावला, तळवा लावला, मग कपाळ लावलं. काही कळेना. घंटा चांगली असेल, नसेलही. भेग असली तर ती लगेच फुटणार नाही. ती फुटेल एखाद्या गारठलेल्या सकाळी, भर धुक्यात, जोरानं टोले पडत असताना, आणि तेव्हा नदीत नावा असतील.

तो दार उघडून बाहेर आला. सगळे त्याच्या मानेकडे पाहत होते. त्यानं ती नुसती हलवायची होती. पुढेच एक नावाडीण कडेवर लेक घेऊन उभी होती. ती हसून म्हणाली, "शिदूकाका, आता धनी धुक्यात गेले तरी मला झोप लागंल बघा."

शिदोबाची मान हलली नाही. तो गर्दीतून वाट काढत लिंबाखाली गेला आणि त्यानं ती लहान घंटा वाजवली.

लोकांना वाटलं, त्याला काही तरी चढलंय. भानजीदादा धावत आले. गोंधळून गेल्यामुळे त्यांच्या तोंडून सवयीचाच प्रश्न गेला. "शिदोबा, तुझं काय गेलंय?"

"कान," शिदोबा म्हणाला. "कान गेलेत माझे, दादा. सगळे नाही गेले, पण जे लागतात तेच गेलेत. कोकिळा ऐकू येत नाही मला. गेले कित्येक महिने मी तुमची तोंडं बघून घंटा पसंत करतोय. ही घंटा चांगली आहे की वाईट, मला सांगता येत नाही."

 आणि गंमत अशी, की ज्या क्षणाला शिदोबा इतके महिने भीत होता, तो क्षण आला तेव्हा त्याला एकदम हलकं वाटलं. रडूही आलं, पण ते सुटल्याचं होतं. चेहरे वाचायचे संपले होते. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि पुढचं बोलला.

"घरी बसवायचं तर बसवा. पण मला विचाराल, तर नाद जाड आहे की पातळ, तांबं कमी पडलंय की कथील जास्त झालंय, हे मला अजून कळतं. खरखर तेवढी कळत नाही. माझ्या शेजारी चांगल्या कानाचं एक माणूस द्या. दोघं मिळून पारख करू."

"कोण देऊ?" भानजीदादांनी विचारलं.

शिदोबानं मागे वळून पाहिलं. "साळूला द्या. साचा भाजला की ती बोटानं टिचकी मारून ऐकते. मी पाहिलंय तिला."

साळू मागे उभी होती. तिला लिंबाखालचा तो हशा आठवला नसेल, असं मला वाटत नाही. तिनं मनात आणलं असतं, तर एक टोमणा मारून शिदोबाचा पाणउतारा करता आला असता. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला काका."

दोघं आत गेली. शिदोबानं टोला दिला. साळूनं डोळे मिटले. नाद विरत गेला आणि अगदी शेवटी तिच्या कपाळाला आठी पडली. या वेळी शिदोबानं ती चोरून पाहिली नाही. त्यानं सरळ विचारलं, "आहे?"

"आहे, काका. खालून येतेय, कडेजवळून." साळू खाली बसली, तिनं कडेला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "ही माझीच बाजू आहे. इथे मला वाकवेना. कळ आली की उठायचं, पुन्हा वाकायचं. शेवटी कसंबसं लिंपून टाकलं, तिथेच साचा कच्चा राहिला. सांगणार कुणाला? मागच्या वेळी सांगून पाहिलंच होतं."

शिदोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "पोरी, चर मागितलास तू, आणि हसवलं मी लोकांना. ही भेग तुझी नाही. माझी आहे."

दोघांनी बाहेर येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. गर्दीतून कुणी तरी लगेच म्हणालं, "म्हणजे साळूनंच घंटा बिघडवली!"

तेव्हा इतकी वर्षं गप्प असलेला हैबती बाकावरून उठला. कुबडी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "गप ए! माझ्या एका पायाचं तुम्ही माप करून ठेवलंय. जो येईल त्याला माझ्या पायाशी तोलायचं, आणि कमी भरला की हसून परत पाठवायचं. मला बाक दिलात तो पाय गेला म्हणून होय? भट्टी चालायला हवी म्हणून दिलात ना? मग साचा नीट व्हायला हवा म्हणून चर का नाही दिला?"

भानजीदादांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. मग ते म्हणाले, "हैबती, तुझं पटतं रे. पण सगळेच मागायला लागले तर? ओतशाळा चालायची कशी?"

"ती आता तरी कुठे चाललीय, दादा?" शिदोबा म्हणाला. "पारखी बहिरा आणि घंटा भेगाळलेली. एकदा विचारून तर बघा. फक्त प्रश्न बदला."

मग भानजीदादांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, वाडवडिलांचा प्रश्न बाजूला ठेवला. ते एकेकाजवळ गेले, झाडाखाली न बोलावता, ज्याच्या त्याच्या कामाच्या जागी गेले, आणि हळू आवाजात विचारत राहिले, "तुझं काम नीट व्हायला तुला काय लागेल?"

त्यांना वाटलं होतं, आता मागण्यांचा पूर येणार. निघालं काय? भाता मारणारा डावखुरा होता, त्याला सांडशी डाव्या बाजूला टांगून हवी होती. ती टांगायला एक खिळा लागला. एकाची आई अंथरुणाला खिळली होती. तिला भरवून यायला त्याला सकाळी थोडा उशीर हवा होता, संध्याकाळी तो तेवढाच जास्त थांबायला तयार होता. धुरानं डोळे चुरचुरणाऱ्या एकीला फक्त खिडकीजवळची जागा हवी होती. बरेच जण तर म्हणाले, "सध्या काही नको, दादा. लागलं तर सांगेन." आणि एवढं म्हणूनच त्यांचा चेहरा खुलला.

एका बहाद्दरानं दुपारच्या झोपेसाठी गादी मागितली, हे खरं आहे. "त्यानं काम कसं सुधारेल तेवढं सांग," असं भानजीदादांनी गंभीरपणे विचारलं, तेव्हा तो डोकं खाजवत भात्याकडे पळाला. सगळे हसले, तोही हसला. हे हसणं मात्र कुणाला लागलं नाही.

भेगाळलेली घंटा फोडून पुन्हा वितळवली. नव्या साच्याभोवती चर खणला गेला. दोघा गड्यांनी सकाळी कुदळी घेतल्या आणि जेवायच्या आत काम संपलं. इतक्याशा खणण्यासाठी एक अख्खी घंटा वाया गेली होती, हे पाहून भानजीदादा किती तरी वेळ चराच्या काठावर बसून राहिले. साळू चरात ताठ उभी राहून लिंपत होती. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या पाठी ठणठणीत होत्या, तेही चरात उतरून काम करू लागले. "इथे बरं पडतं," ते म्हणाले. मग चर थोडा रुंद करावा लागला.

नव्या घंटेवर शिदोबानं टोला दिला. जाड नाद त्यानं ऐकला, बारीक साळूनं ऐकला, आणि दोघांच्या माना एकदमच हलल्या. घंटा बैलगाडीवर चढून घाटावर गेली, आणि त्याच आठवड्यात नदीवर धुकं उतरलं.

असं धुकं कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. पलीकडच्या बाजाराहून परतणाऱ्या नावा नदीतच अडकल्या. घाटावर बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. घंटेवर टोल्यामागून टोले पडत होते. शिदोबा आणि साळूही पायऱ्यांवर येऊन थांबली होती. शिदोबाला नाद ऐकू येत होता, पण जेवढा त्याला यायचा तेवढाच.

"कशी वाजतेय गं?" त्यानं विचारलं.

"स्वच्छ वाजतेय, काका. अगदी शेवटपर्यंत स्वच्छ."

पूर्वी शिदोबानं दुसऱ्याच्या कानावर कधी विश्वास ठेवला नसता. आता त्यानं ठेवला. थोड्या वेळानं साळूनं त्याचा दंड धरला. "काका, वल्ही ऐकू येतायत!"

धुक्यातून एक नाव बाहेर आली, तिच्यामागे दुसरी, मग बाकीच्या. लेक कडेवर घेतलेली ती नावाडीण पाण्यात गुडघाभर धावत गेली. सगळी माणसं घरी आली होती. शिदोबा पायरीवर बसला आणि पोट भरून हसला.

तो पुढेही पुष्कळ वर्षं त्या ओतशाळेचा पारखी राहिला, साळूच्या जोडीनं. त्या ओतशाळेतून भेगाळलेली घंटा पुन्हा कधी बाहेर पडली नाही, असं सांगतात.

तात्पर्य : कुणाचं काय गेलं हे मोजत बसू नये, कुणाला काय लागतं ते विचारावं; जिथे मागायची लाज वाटत नाही, तिथलं काम चोख होतं.